बाहेरच्या माणसाचं माप

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



साधारण १९८०ची गोष्ट. मी सहावी-सातवीत असेन. अब्बांचं बोट धरायचं वय संपलं होतं, पण त्यांच्याबरोबर तालुक्याच्या गावी जायला मिळालं की अजून आनंद व्हायचा. त्या दिवशी आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो होतो. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. अब्बा पिंजारी. जन्मभर कापूस पिंजला, लोकांच्या गाद्या भरल्या. अंगानं किडकिडीत, पण उंची सहा फुटांच्या वर. मोहल्ल्यात त्यांना ‘लंबूचाचा’ म्हणत.

कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला गजांची एक खिडकी होती. गजांच्या खाली हात आत जाईल एवढी फट. ती फट अब्बांच्या कमरेच्याही खाली येत होती. कागद आत सरकवायचा तर वाकावं लागे. आतला माणूस काय म्हणतो ते ऐकायचं तर आणखी वाकावं लागे. आतला आवाज दोनदा म्हणाला, “ऐकू येत नाही, नीट बोला.” अब्बांनी गुडघ्यांवर हात ठेवले, पाठ सरळ आडवी केली आणि मान वर करून बोलू लागले. मी मागे उभा होतो. दाखला त्या दिवशी मिळाला नाही. एस.टी. स्टँडवर चहा पिताना अब्बा हसून म्हणाले, “नमाज में झुकते ना बेटा, उत्ताच झुकना पडा आज.”

तेव्हा मीही हसलो. पण नमाजातला रुकू माणूस आपखुशीनं करतो आणि तो एकाच्याच पुढे करतो. हा दुसरा रुकू कुणी करायला लावला? कारकून तर काही म्हणाला नव्हता. कुठे पाटी नव्हती. शिपायानं दरडावलं नव्हतं. वाकायला लावलं ते खिडकीनं. आज मला याच गोष्टीविषयी बोलायचं आहे. हुकूम फक्त कागदावर नसतात. काही हुकूम विटांचे असतात, काही लोखंडाचे, काही नुसत्या मोकळ्या जागेचे. कागदावरच्या हुकमाविरुद्ध अर्ज करता येतो. भिंतीविरुद्ध कुठे अर्ज करणार?

दिल्लीचा लाल किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. किल्ल्यासमोर प्रशस्त मोकळी जागा आहे. हिरवळ, झाडं, फोटो काढणारी मंडळी. पाहणाऱ्याला वाटतं, शाहजहाननंच किल्ला असा उठून दिसावा म्हणून समोर मैदान सोडलं असेल. तसं नाही. १८५७ च्या आधी किल्ल्याच्या भिंतीपासून जामा मशिदीपर्यंत दाट वस्ती होती. हवेल्या होत्या, मशिदी होत्या, खास बाजार, उर्दू बाजार, खानम का बाजार होते. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत जिंकली आणि शहरातल्या रहिवाशांना बाहेर काढलं. हिंदूंना काही महिन्यांनी परत येता आलं. मुसलमानांना त्याहून पुष्कळ जास्त थांबावं लागलं. आणि त्यानंतर पाडापाडी सुरू झाली. किल्ल्याभोवतीच्या सुमारे साडेचारशे यार्डांच्या पट्ट्यातली वस्ती भुईसपाट करण्यात आली. अकबराबादी मशीद गेली. किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल गेले आणि त्यांच्या जागी गोऱ्या पलटणीच्या बराकी उठल्या. त्या तीनमजली बराकी आजही तिथे उभ्या आहेत. जामा मशिदीत फौज राहिली होती. ती मशीद नमाजासाठी परत मिळायला १८६२ साल उजाडलं.

मिर्झा गालिब त्या वेळी दिल्लीतच, बल्लीमारानमध्ये राहत होते. त्यांची गझल अनेकांना ठाऊक असते, पण त्या वर्षांतली त्यांची मित्रांना लिहिलेली पत्रं फार थोडे वाचतात. कोणता बाजार पडला, कोणती गल्ली नाहीशी झाली, शहरात राहायला परवान्याचं तिकीट कसं लागतं, हे ते एखाद्या घरच्या माणसाच्या आजाराची खबर द्यावी तसं कळवतात. मी कॉलेजात असताना ही पत्रं एका कवीचं दुःख म्हणून वाचली होती. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की तो शहराच्या नकाशात झालेल्या बदलाचा रोजचा अहवालही आहे.

एवढा मोठा पट्टा मोकळा का केला? राग होता, सूड होता, हे खरंच. पण रागानं पाडलेलं घर वेगळं आणि यार्डात मोजून पाडलेलं घर वेगळं. किल्ल्यावरच्या तोफेला समोर अडथळा नको होता. कुणी चाल करून आलं तर त्याला लपायला भिंत नको, वळायला गल्ली नको, तो लांबूनच उघड्यावर दिसला पाहिजे. आज आपण ज्याला सुंदर मोकळी जागा म्हणतो, ती मुळात तोफेसाठी मोकळी केलेली जागा आहे.

लखनौमध्ये हेच अधिक नीटनेटकेपणानं झालं. तिथे रॉबर्ट नेपियर नावाच्या लष्करी इंजिनिअरनं १८५८ मध्ये योजना आखली. दाट मोहल्ले चिरून रुंद, सरळ रस्ते काढले, म्हणजे फौजेला शहरातून विनाअडथळा जाता यावं. आसफी इमामबाडा, ज्याला आपण बडा इमामबाडा म्हणतो, तो काही वर्षं लष्कराच्या ताब्यात राहिला. जिथे मोहरमचे मातम व्हायचे तिथे दारूगोळा आला. लाहोरचं रेल्वे स्टेशन त्याच सुमाराला बांधलं गेलं, तेही किल्ल्यासारखं. बुरूज, बंदुकीसाठी भिंतीत ठेवलेल्या जंग्या, आणि वेळ आली तर आगगाड्यांच्या छपराची दोन्ही तोंडं बंद करता येतील अशी भक्कम दारं. प्रवासी तिकीट काढून गाडीत बसत होते, पण ज्या इमारतीतून ते जात होते ती त्यांनाच शत्रू समजून बांधलेली होती.

आणि हे फक्त गोऱ्यांनी काळ्यांशी केलं असंही नाही. ज्या काळात दिल्ली-लखनौ चिरली जात होती, त्याच काळात पॅरिसमध्ये ओस्मान नावाचा अधिकारी आपल्याच लोकांच्या अरुंद गल्ल्या पाडत होता. १८५३ ते १८७० अशी सतरा वर्षं. त्या गल्ल्यांमध्ये १८३० आणि १८४८ साली गोरगरिबांनी फरशा उखडून, गाड्या आडव्या टाकून राजाच्या फौजा अडवल्या होत्या. रुंद रस्ता अडवणं कठीण असतं. ओस्माननं गटारं बांधली, पाणी आणलं, उजेड आणला, हे खोटं नाही. रुंद रस्त्यानं हवा येते आणि घोडदळही येतं. म्हणून तर हा विषय अवघड आहे. इमारत एकाच वेळी दोन कामं करत असते आणि उद्घाटनाच्या भाषणात त्यातलं एकच सांगितलं जातं.

श्रोतेहो, आपण मराठी माणसं ज्या एका इमारतीचं नाव ऐकून मोठे झालो, ती अंदमानची. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू तिथे होते, म्हणून मराठी घरांत त्या तुरुंगाची गोष्ट जणू घरचीच आहे. तिथल्या कोलूच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत, दंडाबेडीच्या ऐकल्या आहेत. पण त्या इमारतीच्या नकाशाकडे एकदा पाहा. १८९६ मध्ये बांधकाम सुरू झालं, १९०६ मध्ये संपलं. विटा ब्रह्मदेशातून आल्या, राबले कैदीच. मधोमध एक मनोरा आणि चाकाचे आरे असावेत तशा त्यातून निघालेल्या सात तीनमजली इमारती. जवळजवळ सातशे कोठड्या. एकत्र राहण्याची बराक एकही नाही. प्रत्येक कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि हवेसाठी झरोका हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर. दाराची कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत.

इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम नावाच्या विचारवंतानं अठराव्या शतकाच्या अखेरीस एका तुरुंगाची कल्पना मांडली होती. मध्ये मनोरा, भोवती कोठड्यांचं कडं. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसतात, कैद्याला मात्र पहारेकरी दिसत नाही. तो बघतोय की नाही हे कळत नसल्यानं कैदी कायम बघितल्यासारखा वागतो. अंदमानचा नकाशा पाहिला की हे आठवतं. पण अंदमानच्या नकाशाला आणखी काही तरी हवं होतं. तिथे प्रत्येक आऱ्याचं तोंड पुढच्या आऱ्याच्या पाठीकडे केलं होतं. गजांतून बाहेर पाहिलं तर समोर दुसऱ्या इमारतीची मागची भिंत. शेजारी माणूस आहे हे ठाऊक, पण तो दिसायचा नाही. कैद्यावर नजर ठेवणं हे एक काम. कैद्याला कैदी दिसू न देणं हे दुसरं, आणि ते अधिक खोल. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात असून बराच काळ त्यांना एकमेकांचं दर्शन झालं नाही. त्यासाठी रोज पहारेकऱ्याला हुकूम द्यावा लागला नसणार. भिंतीची दिशा ठरवली तेव्हाच तो हुकूम दिला गेला होता.

आता अंदमानातून मुंबईला येऊ. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथल्या बी.डी.डी. चाळी. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि गिरणी कामगारांसाठी त्यानं या काँक्रीटच्या चाळी बांधल्या. मधून बोळ, दोन्ही बाजूंना ओळीनं खोल्या, सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. अंदमानच्या कोठडीचा हिशेब केला तर ती साधारण १०१ चौरस फूट भरते, एका कैद्यासाठी. इथे १६० फुटांत सगळं कुटुंब, वर गावाकडून आलेला मेव्हणा. पुढे स्वातंत्र्यलढ्यात अटक झालेल्यांना ठेवायला तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारनं वरळीच्या चाळींतच तात्पुरता तुरुंग केला. जे घर फारसा फेरफार न करता तुरुंग होऊ शकतं, ते बांधताना बांधणाऱ्याच्या मनात राहणाऱ्याचं चित्र काय असेल?

पण बी.डी.डी. चाळीची गोष्ट इथेच संपत नाही. त्या बोळात बायकांनी पापड वाळवले, पोरांनी अभ्यास केला, गणपती बसले, आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे लागले, युनियनच्या बैठका झाल्या. अंदमानात भिंतीनं माणसाला माणसापासून तोडलं होतं. इथे खोली इतकी लहान होती, की माणूस बोळात आला आणि शेजाऱ्याला भेटला. म्हणजे नकाशा सगळं ठरवत नाही. राहणारा माणूस त्याच्यावर आपला हात फिरवतोच. फक्त त्यासाठी त्याला दोन-तीन पिढ्या खर्चाव्या लागतात.

इंग्रज गेले म्हणून नकाशा भोळा झाला, असंही नाही. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत, दिल्लीच्या तुर्कमान गेटजवळची वस्ती बुलडोझरनं पाडली गेली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. उरलेल्यांना यमुनेपलीकडे नेऊन सोडलं. त्या काळात दिल्लीभर अशा उठवलेल्या लोकांना वसाहतींमध्ये मिळालेले भूखंड जेमतेम पंचवीस चौरस यार्डांचे, आणि कित्येक ठिकाणी भूखंड हवा तर नसबंदीचं प्रमाणपत्र दाखवावं लागत होतं. जागेचा तुकडा आणि माणसाचं शरीर यांचा असा थेट व्यवहार क्वचितच कुठे झाला असेल.

आमच्या मोहल्ल्याचं सांगतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी पोलीस चौकी बांधली गेली. आम्हाला बरंच वाटलं, रात्रीची धास्ती कमी झाली. चौकी रंगवून झाली आणि एक दिवस आमच्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं, “हिची खिडकी कुठं हाय?” खिडकी गल्लीकडे होती. मोठ्या रस्त्याकडे कोरी भिंत. रखवालदार बाहेरून कोण येतंय ते बघतो. हा आत कोण काय करतंय ते बघत होता. तिथले शिपाई वाईट नव्हते. एक जण ईदला हक्कानं शीरखुर्मा प्यायला यायचा, माझ्या मुलीला सायकल धरायला त्यानंच शिकवली. पण तो चांगला माणूसही त्या खिडकीतून आमच्याचकडे बघायचा, कारण बघायला दुसरीकडे खिडकीच नव्हती.

आता रोजच्या रस्त्यावर चला. बसथांब्यावरची बाकं पाहा. मधे लोखंडी दांडे घालून एकेकाची बैठक वेगळी केलेली असते. ते हात टेकायला आहेत असं वाटतं. खरं काम, कुणी आडवं होऊ नये. उड्डाणपुलाखालच्या जागेत सिमेंटमध्ये टोकदार दगड बसवलेले असतात, कुणी निजू नये म्हणून. २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात एका बँकेनं पायरीवर लोखंडी खिळे बसवले होते. लोकांनी आवाज उठवला तेव्हा ते काढले गेले. २०२० मध्ये परदेशी पाहुणे येणार म्हणून अहमदाबादेत रस्त्यालगतच्या झोपडपट्टीपुढे भिंत उभी राहिली. २०२१ मध्ये शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले होते, तेव्हा रस्त्यात सिमेंट ओतून खिळे ठोकले गेले. खिळा दिसला की आपण चिडतो, आणि ते बरोबरच आहे. पण बाकाचा दांडा आपल्याला खुपत नाही, कारण आपल्याला रात्री तिथे झोपायचं नसतं.

आता मी पुन्हा त्या खिडकीकडे येतो, कारण माझी तिथून सुटका झालेली नाही. पोटासाठी मला नोकरी हवी होती. मी बी.ए. झालो, परीक्षा दिली आणि कारकून झालो. गाव वेगळं, कचेरी वेगळी, खिडकी मात्र तीच. फक्त आता मी आत होतो. आतून खिडकी कशी दिसते सांगू? फार सोयीची. फटीतून लोकांचे हात दिसतात. मेंदी लागलेले, चुन्यानं फाटलेले, थरथरणारे. चेहरा दिसायचा तर मला वाकावं लागलं असतं, आणि मला वाकायचं कारण नव्हतं. हाताला ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं. चेहऱ्याला म्हणणं अवघड. अठ्ठावीस वर्षांत मी किती हातांना ‘उद्या या’ म्हणालो असेन, याचा हिशेब माझ्याकडे नाही. माझ्या कवितेत अब्बा बरेचदा आले. त्या खिडकीबाहेर उभे असलेले दुसऱ्यांचे अब्बा फार उशिरा आले.

एकदा कचेरीत दुरुस्तीचं काम निघालं. खिडकीची चौकट बदलायला एक वयस्क सुतार आले. मी त्यांना विचारलं, “मिस्त्री, ही खिडकी एवढी खाली का?” त्यांनी टेप लावून दाखवला. “साहेब, आत तुमचं टेबल तीस इंच. टेबलाला लागून खिडकी, म्हणून तीही तीस इंच. बाहेरच्या माणसाचं माप कुणी दिलंच नाही.”

श्रोतेहो, मी इतकी वर्षं त्या खिडकीमागे एखाद्या दुष्ट माणसाला शोधत होतो. दिल्लीत तो होता, अंदमानात तो होता. तिथे माप घेतलं होतं, आणि ते माणसाला मोडण्यासाठी घेतलं होतं. आमच्या कचेरीत कुणीच नव्हतं. नुसतं एक माप घ्यायचं राहून गेलं होतं. पण वाकणाऱ्या पाठीला त्यानं काय फरक पडतो? दुष्टपणाची भिंत आणि बेफिकिरीची भिंत, दोन्ही तितक्याच टणक असतात. बेफिकिरीची जास्त दिवस टिकते, कारण तिच्याविरुद्ध कुणी चळवळ करत नाही.

मी साहेबांना सुचवलं, की निदान बाहेर एक स्टूल ठेवू या, बसून बोलता येईल, तोंडासमोर तोंड येईल. साहेब चांगले होते. विचार करून म्हणाले, “बसायला दिलं की लोक बसतात हो.” मग मीच घरचं एक जुनं स्टूल नेऊन ठेवलं. पहिल्याच दिवशी एक आजी त्यावर बसल्या आणि फटीतून मला पाहून म्हणाल्या, “अगं बाई, तुम्ही व्हय आत? मला वाटायचं कुणी म्हातारा माणूस असंल.” त्या वर्षभर येत होत्या. स्टूल अकरा दिवस राहिलं. बाराव्या दिवशी, येण्याजाण्याच्या वाटेत अडथळा होतो म्हणून, ते रेकॉर्ड रूममध्ये गेलं. मी भांडलो नाही, हे कबूल करायला हवं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ते स्टूल घरी आणलं. आता त्यावर मनी प्लँटची कुंडी आहे.

आता कचेऱ्यांना काचा आल्या आहेत, टोकन आले आहेत, वर कॅमेरे आले आहेत. काही ठिकाणी खुर्च्याही आल्या आहेत, हे चांगलं झालं. पुढच्या वेळी तुम्ही कुठल्याही खिडकीशी, दाराशी, बाकाशी जाल, तेव्हा क्षणभर थांबून एवढंच पाहा, की हे बांधताना कुणाचं माप घेतलं होतं. आणि तुम्ही खिडकीच्या आत बसत असाल, तर दिवसातून एकदा उठून बाहेर जा आणि रांगेच्या जागी उभे राहा. मला ते सुचायला अठ्ठावीस वर्षं लागली. अब्बा तोवर राहिले नाहीत. राहिले असते तर त्यांना त्या स्टुलावर बसवून म्हणालो असतो, आता सांगा, काय काम होतं.